गिळलेला नकार

माहेरी पाऊल टाकल्यापासून सुवर्णाला एकच गोष्ट खटकत होती. घरातले सगळे फार गोड वागत होते.

एरवी ती आली की भावजय पूनम "या वन्सं" म्हणून पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि आपल्या कामाला लागायची. त्यात वाईट काही नव्हतं. नणंद-भावजयीत एवढं पुरतं. या वेळी मात्र पूनमनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, पंखा मोठा केला आणि "दमलाय जणू" म्हणून पाठीवरून हातही फिरवला. जेवायला खारं वांगं होतं, तेही सुवर्णाला आवडतं तसं, शेंगदाण्याचं कूट जास्त घातलेलं. पाठचा भाऊ धनंजय बहिणीशी बोलताना कायम मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायचा. तो समोर मांडी घालून बसला आणि विचारायला लागला, "आक्का, झोप लागली का गं नीट?"

"लागली की," सुवर्णा म्हणाली, आणि मनात म्हणाली, हे याला कशाला हवंय?

कशाला हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात ती हक्कसोडपत्रावर सही करायला बसली होती, आणि यंत्राचा दिवा लाल झाला होता.

बाप गेला की सातबाऱ्यावर मुलग्यांबरोबर मुलींचीही नावं वारस म्हणून लागतात, हा कायदा जुनाच. नावं लागली की थोड्याच दिवसांत भाऊ बहिणींना गाडीत घालून कार्यालयात नेतो, "राजीखुशीने हक्क सोडत आहे" या ओळीखाली सह्या घेतो आणि येताना एकेक साडी घेऊन देतो, हा रिवाजही तितकाच जुना. कायद्यानं एका हातानं दिलेलं रिवाजानं दुसऱ्या हातानं काढून घ्यायची ही सोय होती आणि ती बिनबोभाट चालली होती. सही करणारीची राजीखुशी खरी की खोटी, हे मोजणार कोण आणि कशानं?

कशानं मोजायचं ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अवचित सापडलं. तिथल्या डॉ. मृदुला आगाशे यांचा मूळ विषय तोतरं बोलणं. शब्द तोंडातून फुटण्याआधी मेंदूत त्याची जुळवाजुळव कशी होते, ते त्या कपाळावर बांधायच्या एका पट्ट्यातून टिपत. मनापासून दिलेल्या उत्तराची जुळवाजुळव चुलीवरचं दूध चढावं तशी एकसारखी वर येते. काहींच्या 'हो'मागे मात्र त्यांना वेगळंच दिसलं. आधी 'नाही'ची तयारी होते. मग मेंदूचा एक भाग, पुढं केलेला हात आपल्याला मागं घ्यायला लावतो तोच, ती तयारी दाबून टाकतो. आणि मग तोंडातून 'हो' बाहेर पडतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. बोलणाऱ्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो.

खोटं पकडायची जुनी यंत्रं घाम आणि छातीची धडधड मोजायची, त्यामुळं घाबरलेला खरा माणूस खोटा ठरायचा. हा पट्टा धडधडीकडं बघतच नव्हता. तो फक्त दाबलेला शब्द शोधत होता: सापडला की दिवा लाल, नाही सापडला तर हिरवा. आगाशेबाईंनी त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिलं होतं, पण वर्तमानपत्रांनी 'गिळलेला नकार' म्हटलं आणि तेच रूढ झालं.

पाठोपाठ कायदा आला. पट्ट्याचा दिवा हिरवा झाल्याशिवाय कुठल्याही बाईचं हक्कसोडपत्र नोंदवायचं नाही. एकदा लाल आला तर महिन्यानं पुन्हा यायचं. दुसऱ्यांदाही लाल आला, तर तिचा हिस्सा मोजून वेगळा काढायचा आणि पुढं बरीच वर्षं तो तिला कुणालाच लिहून देता यायचा नाही.

माणदेशातल्या त्या डाळिंबाच्या मुलखात लोकांनी यंत्राचा अर्थ आपापल्या परीनं लावला. लाल दिवा म्हणजे बाईच्या पोटात जमिनीची हाव. मग हाव कशानं जाते? खाऊ घातल्यानं, नेसवल्यानं, कौतुक केल्यानं. म्हणून घरोघरी बहिणींचे लाड सुरू झाले. इतकी वर्षं ज्यांना कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, त्यांच्या पुढ्यात बासुंदीच्या वाट्या यायला लागल्या. यंत्रानं जमीन दिली असेल नसेल, निदान बासुंदी तरी दिली.

सुवर्णाला मात्र घास गोड लागत नव्हता. भावाचा संशय तर यायचाच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा संशय येत होता. त्या दिवशी ती खरंच राजीखुशीनं गेली होती. कार्यालयातल्या बाईंनी कागद वाचून दाखवल्यावर ठणठणीत आवाजात 'हो' म्हणाली होती. मग तिच्या आत बसून 'नाही' म्हणणारी ती कोण? आणि ती कधीपासून तिथं बसलीय?

लाल दिव्यानंतर साडी घ्यायला कुणी थांबलं नव्हतं. धनंजयनं गाडी गावाकडं न वळवता एसटी स्टँडवर नेली होती. "मिरजेची गाडी लागलीच असंल," एवढंच म्हणाला होता. मिरजेला तिची जागा म्हणजे दिराच्या घरातली मागची खोली. नवरा गेल्यापासून ती तिथं राहत होती आणि एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. दीर वाईट नव्हता. फक्त अधूनमधून म्हणायचा, "वहिनी, तुमचं माहेर हाय की भक्कम." त्याचा अर्थ न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

---

दुसऱ्या दिवशी धनंजय तिला तालुक्याला 'निर्मळ संमती क्लासेस'मध्ये घेऊन गेला. आपल्याकडं कुठलीही परीक्षा निघाली की तिचा क्लास निघायला वेळ लागत नाही. खांडेकर सर आधी पोलीस भरतीचा क्लास चालवायचे. शिट्टी अजून गळ्यात होती.

हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यामागं भिंतीला टेकून त्यांचे भाऊ. सर म्हणत, "श्वास आत, आता सोडा, आता हक्क सोडा," आणि बायका एका सुरात म्हणत, "मी राजीखुशीनं हक्क सोडत आहे." एका म्हातारीला हसू आवरेना. तिचा भाऊ मागून खेकसला, तशी ती तोंडाला पदर लावून गप्प झाली.

सुवर्णाची पाळी आली. सरांनी तिच्या कपाळाला आपला सरावाचा पट्टा बांधला. तिनं वाक्य म्हटलं. लाल. पुन्हा म्हटलं. लाल.

"गोळी वगैरे घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या," सर धनंजयला म्हणाले. "गुंगीतलं डोकं यंत्राला लगेच कळतं, रद्द करतात. आणि गोडधोडानं काही व्हायचं नाही. लोकांना वाटतं हावेनं लाल येतो. हाव असती तर बाई सरळ नाही म्हणाली असती. शब्द दाबला जातो तो भीतीनं." मग ते सुवर्णाकडं वळले. "ताई, कशाची भीती वाटते तुम्हाला?"

"मला? कशाची न्हाई," सुवर्णा म्हणाली. पट्टा अजून कपाळावरच होता. दिवा लाल झाला.

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी धनंजयच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. काचेतून सुवर्णाला दोघं दिसत होते. सर समजावून सांगत होते, धनंजय आधी मान हलवून नको नको म्हणत होता. मग हळूहळू त्याची मान होकारात हलायला लागली. लहानपणी तो असा होकार द्यायचा तेव्हा हमखास काहीतरी लपवत असायचा.

येताना गाडीत तिनं विचारलं, "काय म्हनत हुते सर?"

"काय न्हाई. उद्या हापिसात सर बी येनार म्हनाले."

"म्हंजे?"

"उद्या बघशील की आक्का."

---

सकाळी निघायच्या आधी पूनमनं आलं-गवती चहाचा काढा आणून दिला. सुवर्णानं पेला हातात घेतला, वास घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवला.

"गोळी घातलीय का गं ह्यात?"

पूनमनं पेला उचलला आणि घटाघटा अर्धा पिऊन टाकला. तोंड पुसत म्हणाली, "आता घ्या. उष्टा हाय, पर चालतंय का बघा."

सुवर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगल्या मनानं दिलेलंही आता तिला घेता येईना. यंत्र आल्यापासून घरात कुणाचीच कुठली गोष्ट साधी राहिली नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं न्हाई तुमचं." पूनम पाटावर बसली. बाहेर धनंजय गाडी पुसत होता, तिकडं एकदा बघून तिनं आवाज खाली आणला. "मी तुम्हांस्नी गोड गोड करतीया ते काय माझ्या मनानं न्हाई. ह्यांनी सांगितलंय. सोलर कंपनीला जमीन भाड्यानं द्यायचीय, अन् कंपनीला एकाच नावावरची पाहिजे. पंधरा एकर सलग. विहिरीकडची बाग बी काढणार."

विहिरीकडची बाग. ती डाळिंबाची रोपं सुवर्णानं वडिलांबरोबर लावली होती. लग्नानंतरही छाटणीला ती यायची. कुठल्या झाडाला किती फुटवे ठेवायचे हे वडील धनंजयला विचारत नसत, तिला विचारत.

"मला बोलला न्हाई त्यो," ती म्हणाली.

"कसं बोलंल? लाल दिवा लागंल म्हनून घाबरतंय." पूनमनं उरलेला काढा तिच्याकडं सरकवला. "मी माझ्या भावाला सही दिली तवा हे यंत्र नव्हतं, वन्सं. असतं तर काय रंग आला असता, ते मी लई येळा मनात म्हनून बघितलंय."

"मग?"

"मग काय. आता त्यो रंग बघून मी करू तरी काय?"

सुवर्णानं काढा पिऊन टाकला. तो गार झाला होता.

---

दुय्यम निबंधक तांबोळी मॅडम कोरड्या स्वभावाच्या होत्या, पण उद्धट नव्हत्या. त्यांनी आधी धनंजय, पूनम आणि खांडेकर सरांना बाहेर काढलं आणि सुवर्णाला खुर्चीवर बसवलं.

"कुणी मारलं, धमकावलं?"

"न्हाई ओ मॅडम."

"मग गेल्या वेळी लाल का आला, विचार केलात?"

सुवर्णानं खाली बघितलं. महिनाभर तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. आणि आता, एका परक्या बाईपुढं, ते सरळ तोंडातून बाहेर आलं. "सही न्हाई दिली तर माहेर तुटतंय. दिराच्या घरात ऱ्हाते मी. उद्या त्यो जा म्हनला तर जायाला एक दार पाहिजे. ते दार भावाचं हाय. म्हनून हो म्हनते."

"म्हणजे दाराच्या बदल्यात जमीन."

"असं म्हना."

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. नुसतं तिच्याकडं पाहिलं आणि बाकीच्यांना आत बोलावलं.

खांडेकर सर कायद्याचं पुस्तक खूण घालूनच आले होते. "मॅडम, आश्वासनाचं कलम आहे. बाईंना भीती असेल तर ज्याला हक्क मिळणार त्यानं पट्टा लावून ती भीती दूर करायची. मग बाईंची चाचणी."

"ते कलम मलाही माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "बसा, धनंजय."

तर हे होतं व्हरांड्यातलं. सुवर्णाला वाटलं, सरांनी ह्याला पढवलंय. दिवा फसवायची काहीतरी युक्ती दिलीय, आणि आता हिरव्या दिव्याच्या उजेडात माझी मान कापणार. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली आणि भावाच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

धनंजयनं पट्टा बांधून घेतला. घसा खाकरून पाठ केल्यासारखं म्हणाला, "माझ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही तरी तिचे माहेर अबाधित राहील."

लाल.

पूनम भिंतीकडं बघायला लागली. सुवर्णाला राग आला नाही, नुसतं आत काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. मला ठाऊक होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण ठाऊक असल्यानं दुखायचं थांबत नाही.

"पुस्तकी झालं," सर घाईघाईनं म्हणाले. "मॅडम, आश्वासनाला शब्द बदलता येतात. धनंजयराव, मी सांगितलं होतं ना, जे खरं आहे तेच बोला."

धनंजयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी चोरी सापडली की व्हायच्या तशा. मग तो मॅडमकडं न बघता बहिणीकडं वळला.

"आक्का, त्या दिवशी तुला स्टँडवर सोडली न्हवं, तवा मी पुलापातूर गेलो आन् गाडी फिरवून परत आलो. तुझी एसटी निघून गेली हुती. मी तिथंच बसलो. घरी सांगितलं न्हाई कुनाला. जमीन मला पाहिजे. खोटं कशाला बोलू. पर तू सही दिली न्हाई म्हनून तुला दारातनं परत लावायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. न्हाई दिलीस तरी ये."

दिवा हिरवा झाला.

सुवर्णाला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. पण रडतानाही तिचे डोळे त्या दिव्यावर होते. सर खुशीत मान डोलवत होते. त्यांच्या हिशेबी काम फत्ते झालं होतं. भीती गेली की नकार गेला, नकार गेला की सही.

मॅडमनी पट्टा तिच्या कपाळाला बांधला. "सुवर्णा बाबर, लग्नानंतरच्या सुवर्णा इंगोले. वडिलांच्या जमिनीतला आपला हक्क तुम्हाला धनंजय बाबर यांच्या नावे सोडायचा आहे का?"

महिनाभर जिचा ठाव लागत नव्हता, ती आतली बाई कुठं आहे ते सुवर्णानं शोधलं. ती कुठं दडलेली नव्हतीच. समोर येऊन बसली होती. सुवर्णा जमीन देऊन एक दार विकत घ्यायला निघाली होती. आणि आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, भावानं ते दार फुकट दिलं होतं. मग आता जमीन द्यायची कशासाठी?

"न्हाई," ती म्हणाली.

दिवा हिरवा झाला, आणि हिरवाच राहिला.

"बाईंचा गोंधळ झाला," सर म्हणाले. "ताई, तुम्हाला 'हो' म्हणायचं होतं."

"दिव्याकडं बघा, खांडेकर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद फिरवून घेतला आणि नोंदणी नाकारल्याचा शिक्का मारला. हिस्सा मोजून मिळावा म्हणून अर्ज कुठं करायचा, ते त्यांनी सुवर्णाला सांगितलं. सुवर्णानं लक्ष देऊन ऐकलं.

धनंजय खुर्चीवरून उठला होता. "आक्का, मी खरं बोललो हुतो."

"मी बी खरंच बोलले."

"विहिरीकडची बाग तुझ्या वाट्याला घेणार तू. म्हंजे कंपनीचं काम मोडलं."

"तुझ्या वाट्याची दे की कंपनीला. माझी झाडं मी छाटीन."

धनंजय मॅडमच्या टेबलावर पडलेल्या पट्ट्याकडं बोट करून म्हणाला, "मॅडम, माझं परत घ्या."

"कशासाठी? काम संपलं."

"मगाशी बोललो ते आता बी खरं हाय का, मला बघायचंय."

ते ऐकून सुवर्णाला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. जो माणूस स्वतःच्याच शब्दाची खातरी यंत्राकडून करून घेतो, त्याच्यावर आपण विसंबायचं तरी किती? मघाशी दिवा हिरवा होता, यात खोट नव्हती. पण तो मघाशी होता, जमीन आपली होणार असं त्याला वाटत होतं तेव्हा. आता काय रंग येईल, ते ना त्याला माहीत होतं, ना तिला. मॅडमचा हात पट्ट्याकडं गेला, तशी सुवर्णानं आपला तळवा पट्ट्यावर ठेवला.

"नगं घालू त्ये," ती म्हणाली. "लाल आला तर तू बी त्येलाच धरून बसशील. मी दिवाळीला येनार हाय. दार उघडलंस, तर तुझ्या घरी जेवीन. न्हाई उघडलंस, तर विहिरीकडं माझ्या बागंत जाऊन चूल मांडीन. तिथं मला 'ये' म्हनायला कुनी लागत न्हाई."